भवानी होण्याआधीची पावती

परवा लेकीनं मेलबर्नहून व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. सरकारी कागद, त्यावर तिचं नाव, खाली दहा वर्षांची मुदत. सोबत मेसेज : "बाबा, आता मी अधिकृतपणे सोनं शोधू शकते!"

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात आजही थोडे डॉलर भरले की हा कागद कुणालाही मिळतो. मेटल डिटेक्टर आणि कुदळ-फावडं घ्यायचं, परवानगी असलेल्या सरकारी जमिनीवर जायचं, सापडलं तर ते तुमचं. या कागदाचं नाव आहे 'मायनर्स राइट'. म्हणजे खाणकऱ्याचा हक्क.

मी फोटो झूम करून तो 'राइट' शब्दच बघत बसलो. कारण आधी त्या जागी 'लायसन्स' हा शब्द होता. लायसन्सचं राइट व्हायला पावणेचार वर्षं गेली आणि पंचवीसहून जास्त माणसं मेली. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं सांगतो. मी निवृत्त नगरपालिका कर्मचारी. नोकरीची पहिली दोन वर्षं आठवडी बाजारात पावत्या फाडायचं काम केलं. गावाचं नाव सांगत नाही. सकाळी लोक गोणपाट अंथरतात न अंथरतात तोच आम्ही पावतीपुस्तक घेऊन फिरायला लागायचो. कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन बसलेली म्हातारी असो की टेम्पोभर कांदा आणलेला व्यापारी, जागेची पावती दोघांना सारखीच. एकदा एक मावशी म्हणाल्या, "दादा, अजून भवानी बी झाली न्हाई, आन् तुमी पावती फाडताय?" मी म्हणालो, "मावशी, नियम आहे." त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि चिल्लर मोजून दिली.

नियम होता, हे खरंच. पण गेल्या वर्षी लेकीकडे गेलो असताना बॅलरॅट गावातल्या संग्रहालयात १८५०च्या दशकातली सोन्याची कहाणी बघत होतो, तेव्हा मला पहिल्यांदा त्या मावशी आठवल्या.

तर गोष्ट अशी.

१८५१ साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स वसाहतीत बाथर्स्टजवळ सोनं सापडलं. मे महिन्यात बातमी फुटली आणि लोक घरदार सोडून पळत सुटले. गव्हर्नर फिट्झरॉय यांनी लगेच जाहीरनामा काढला की जमिनीतलं सोनं राणीच्या मालकीचं आहे, परवान्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. याला आधार होता १५६८ सालच्या एका इंग्लिश खटल्याचा. नॉर्थंबरलंडच्या उमरावाच्या जमिनीत तांब्याची खाण होती, त्या तांब्यात थोडं सोनं-चांदी निघालं आणि न्यायाधीशांनी ठरवलं की सोन्या-चांदीची खाण कुणाच्याही जमिनीत असो, मालक राजाच. जवळपास तीनशे वर्षं जुना हा निकाल जगाच्या दुसऱ्या टोकाला कामाला आला.

१ जुलै १८५१ला न्यू साउथ वेल्समधून फुटून व्हिक्टोरिया ही वेगळी वसाहत झाली आणि काही आठवड्यांतच तिथंही सोनं निघालं. क्लून्स, बॅलरॅट, वर्षाअखेरीस बेंडिगो. लेफ्टनंट गव्हर्नर होते चार्ल्स जोसेफ ला ट्रोब. त्यांनी शेजारच्या वसाहतीचाच नियम उचलला. १ सप्टेंबर १८५१पासून महिन्याला ३० शिलिंग. सोनं सापडो न सापडो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळेच ती विसरतात. ही जमीन वडावुरुंग, जा-जा-वुरुंग या मूळ लोकांची होती. राणी मालक कधी झाली, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आणि बॅलरॅटच्या पहिल्या परवाना वसुलीला सरकारी कमिशनरच्या मदतीला जे पोलीस उभे होते, त्यांत मूळनिवासी शिपायांची तुकडी होती. ज्यांची जमीन गेली, त्यांच्याच माणसांना गणवेश चढवून त्या जमिनीची पावती फाडायला उभं केलं.

आता ३० शिलिंग म्हणजे किती? वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे महिन्याला दीड पौंड, वर्षाला १८ पौंड. सोनं सापडण्याआधी मेंढपाळाची वर्षाची कमाई शिधा सोडून वीस-पंचवीस पौंड होती. इतका जबर आकडा का ठेवला? सरकारला खर्च होता हे खरं. रस्ते हवे होते, पोलीस हवे होते, सोनं शहरात आणायला बंदोबस्त हवा होता. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. व्हिक्टोरिया ही लोकरीची वसाहत. मेंढपाळ, मजूर, कारकून सगळेच सोन्यामागे पळाले. मेलबर्नचे बहुतेक पोलीससुद्धा नोकरी सोडून खणायला गेले. परवाना महाग ठेवला की 'उगाच नशीब आजमावणारे' परत कामावर येतील, असा हिशेब होता. म्हणजे ही फी माणसांना जागेवर ठेवण्यासाठी होती. पैसे गोळा करणं हे तिचं अर्धंच काम.

मोठ्या मेंढीमालकांना तिकडे 'स्क्वॉटर' म्हणत. आपल्याकडे हा शब्द झोपडपट्टीसाठी वापरतात, तिकडे उलट, हे वसाहतीतले बडे लोक. हजारो एकरांवर त्यांची कुरणं. चार हजार मेंढ्या चरतील एवढ्या कुरणाची परवाना फी वर्षाला १० पौंड. आणि सोनं खणणाऱ्याला, ते स्वतःला 'डिगर' म्हणवत, आठ ते बारा फूट लांबी-रुंदीच्या तुकड्यासाठी वर्षाला १८ पौंड. हा हिशेब करायला शिकलेला माणूस लागत नव्हता, आणि डिगरांमध्ये शिकलेले पुष्कळ होते.

या वसाहतीत विधिमंडळ होतं. तीस सदस्यांची कौन्सिल, त्यांतले दहा सरकारनं नेमलेले, वीस निवडून आलेले. पण मत द्यायला जमीनजुमला किंवा तेवढं भाडं लागायचं. तंबूत राहणाऱ्या डिगरला मत नाही. कर भरायचा, पण तो ठरवायला कुणी आपला माणूस नाही. १८५१ साली व्हिक्टोरियाची लोकसंख्या ७७ हजार होती, १८५४ साली ती दोन लाख छत्तीस हजारांवर गेली. या दशकात जगातल्या एकूण सोन्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास सोनं या एका वसाहतीतून निघालं. आणि ते काढणाऱ्यांचा आवाज शून्य.

सुरुवातीला सोनं वरवर होतं. नदीच्या रेतीत, हातभर खाली. तेव्हा ३० शिलिंग लोक कुरकुरत का होईना भरत. पण बॅलरॅटचं वरचं सोनं लवकर संपलं. उरलं ते जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांच्या पात्रात. १८५४पर्यंत तिथं शंभर-दीडशे फुटांच्या विहिरी खणाव्या लागत होत्या. आपल्याकडे ज्यांनी विहीर खणलीय त्यांना कळेल. पाणी लागतं, कड ढासळते, लाकडाचं अस्तर लावत लावत उतरावं लागतं. आठ-दहा जण भागीदारीत एक विहीर धरायचे आणि तळाला पोचायला सहा-सहा महिने जायचे. तळाला जुनं पात्र लागलं तर सगळे श्रीमंत, दहा फूट बाजूला चुकलं तर कोरडी विहीर. आणि या सहा महिन्यांत, एक गुंजही सोनं बघितलेलं नसताना, प्रत्येकाची फी चालू.

हीच ती भवानी होण्याआधीची पावती. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात नदीकाठी चाळणी घेऊन बसलेला माणूस होता. तो माणूस कधीच दीडशे फूट खाली गेला होता, नियम मात्र काठावरच बसून राहिला.

आता वसुली कशी व्हायची ते ऐका. परवाना सतत अंगावर पाहिजे. तंबूत ठेवलाय म्हटलं तरी गुन्हा. चिखलात भिजून फाटला, तरी गुन्हा. पोलीस मागतील तेव्हा दाखवायचा, म्हणजे विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसानं काम टाकून रहाटाच्या दोरीला लोंबकळत वर यायचं, कागद दाखवायचा, परत खाली उतरायचं. दिवसात दोनदा आले तर दोनदा. पहिल्या गुन्ह्याला दंड पाच पौंड, म्हणजे तीन महिन्यांच्या फीपेक्षा जास्त. भरता आला नाही तर कैद. कोठड्या कमी, म्हणून पकडलेल्यांना झाडाच्या ओंडक्याला साखळीनं बांधून ठेवत. आणि दंडाचा अर्धा हिस्सा पकडून देणाऱ्याला!

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मी वसुलीत काम केलेला माणूस आहे, मला याचा अर्थ चांगला कळतो. ज्याच्या पगारात दंडाचा वाटा आहे, त्याला नियम पाळणारा माणूस नकोसा होतो. त्याला गुन्हेगारच हवा असतो. त्यात चांगले पोलीस सोन्यामागे गेलेले, म्हणून भरती केली ती बरीचशी टास्मानियातल्या सुटलेल्या कैद्यांमधून. घोड्यावरून, संगीन लावून येत. डिगर त्याला 'शिकार'च म्हणत. पोलीस दिसले की एका टोकाकडून आरोळी उठायची, "जो! जो!" आणि ती विहिरी-विहिरींवरून पुढे जायची. परवाना नसलेले झाडीत पळायचे. हे 'जो' म्हणजे ला ट्रोब साहेबांचं मधलं नाव, जोसेफ. गव्हर्नरचं नाव लोकांनी धोक्याची शिट्टी म्हणून वापरलं.

लोकांनी आधी शांतपणे सांगितलं नाही असं नाही. डिसेंबर १८५१मध्ये फी दुप्पट करून तीन पौंड करण्याची घोषणा झाली. फॉरेस्ट क्रीकला हजारोंची सभा भरली आणि सरकारनं त्याच दिवसांत घोषणा मागं घेतली. १८५३ साली बेंडिगोच्या डिगरांनी अर्ज केला. फी दहा शिलिंग करा, दडपशाही थांबवा, मताचा हक्क द्या. पाच हजारांवर सह्या, जोडून जोडून जवळपास तेरा मीटर लांब झालेला कागद, हिरव्या रेशमात बांधलेला. १ ऑगस्टला तो ला ट्रोब यांच्या हाती दिला. त्यांनी मान्य केला नाही. मग बेंडिगोत लोकांनी टोपीला लाल फीत लावली. ही फीत लावणारा फक्त दहा शिलिंग देणार, जास्त नाही.

ला ट्रोब हे काही राक्षस नव्हते. फीऐवजी बाहेर जाणाऱ्या सोन्यावर कर लावावा, हा विचार त्यांच्याकडूनही पुढे आला होता. पण कौन्सिलमध्ये बसलेल्या मंडळींना तो रुचला नाही. शेवटी तडजोड झाली. महिन्याला एक पौंड, तीन महिन्यांना दोन, वर्षाचे आठ. आकडा कमी झाला, पण फी तीच, शिकार तीच, मत नाहीच.

जून १८५४मध्ये नवे गव्हर्नर आले, सर चार्ल्स हॉथम. नौदलाचा माणूस. तिजोरीत मोठी तूट. ऑगस्टमध्ये ते बॅलरॅटला गेले, लोकांनी जंगी स्वागत केलं, साहेब खूश झाले आणि त्यांना वाटलं, या लोकांकडे भरपूर पैसा आहे! सप्टेंबरमध्ये हुकूम सुटला, शिकार आठवड्यातून दोनदा करा.

पुढच्या दोन महिन्यांत एकावर एक ठिणग्या पडल्या. ७ ऑक्टोबरला जेम्स स्कोबी नावाच्या डिगरचा युरेका हॉटेलजवळ खून झाला. हॉटेलमालक बेंटलीवर संशय, पण न्यायदंडाधिकारी त्याच्या बैठकीतला. बेंटली सुटला. लोकांनी हॉटेल जाळलं. (नंतर पुन्हा खटला होऊन बेंटलीला शिक्षा झाली, तो दंडाधिकारीही गेला. म्हणजे लोकांचं म्हणणं खरं होतं.) त्याच आठवड्यात जोहानस ग्रेगोरियस नावाच्या एका अपंग आर्मेनियन माणसाला पोलिसांनी परवाना नाही म्हणून पकडलं. तो डिगर नव्हताच. कॅथलिक पाद्री फादर स्मिथ यांचा तो नोकर, आजारी माणसाला बघायला आला होता. घोड्यावरच्या पोलिसानं त्याला मारलं, आणि वर पाच पौंड दंड झाला. बॅलरॅटचे आयरिश कॅथलिक खवळले.

११ नोव्हेंबरला बेकरी हिल या टेकडीवर बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. मागण्या बघा. सर्व पुरुषांना मत, आमदाराला मालमत्तेची अट नको, आमदारांना मानधन, आणि परवाना रद्द. इंग्लंडमध्ये चार्टिस्ट चळवळीनं ज्या मागण्या करून हार खाल्ली होती, त्याच इथं आल्या. २७ नोव्हेंबरला लीगचे प्रतिनिधी हॉटेल जाळल्याच्या आरोपातल्या तिघांच्या सुटकेसाठी हॉथम यांना भेटले. अर्जात 'मागणी' असा शब्द होता. साहेब त्या शब्दावर अडले. विनंती करा, मागणी करू नका.

इथं मला आमच्या ऑफिसातले कितीतरी साहेब आठवले. अर्जातली 'सबब विनंती' चुकली की फाइल परत.

एक गोष्ट मला फार लागते. हॉथम यांनी १६ नोव्हेंबरला सोनखाणींच्या कारभाराची चौकशी करायला आयोग नेमला होता. म्हणजे परवाना पद्धत चुकतेय, हे सरकारलाही कळलं होतं. उत्तर वाटेवर होतं. तरीही ३० नोव्हेंबरला बॅलरॅटचे कमिशनर रॉबर्ट रीड यांनी आणखी एक शिकार काढली. आदल्याच दिवशी बेकरी हिलवर हजारोंनी परवाने जाळले होते आणि निळ्या कापडावर पांढरा क्रॉस व पाच तारे असलेला नवा झेंडा फडकवला होता. अशा वेळी शिकार काढणं म्हणजे पेटत्या चुलीत घासलेट. लोकांनी आयरिश इंजिनिअर पीटर लॉलर याला नेता निवडलं, झेंड्याखाली एकमेकांची साथ सोडणार नाही अशी शपथ घेतली आणि युरेका भागात लाकडी फळ्या, उलट्या गाड्या रचून एक कुंपण उभं केलं.

शनिवारी रात्री बरेच जण आपापल्या तंबूत झोपायला गेले. रविवारी सरकार हल्ला करणार नाही, असा भरवसा. ३ डिसेंबर १८५४, रविवार, पहाटे अंधारात पावणेतीनशेहून जास्त सैनिक आणि पोलीस चालून आले. आत दीडशेच्या आसपास माणसं, पुष्कळांच्या हातात फक्त भाले. वीसेक मिनिटांत सगळं संपलं. किमान बावीस डिगर मेले, सरकारच्या बाजूचे पाच-सहा. लढाई संपल्यावरही पोलिसांनी जखमींना भोसकलं, तंबू जाळले. लॉलरचा डावा हात गेला, पण मित्रांनी त्याला लपवून बाहेर काढला.

तो झेंडा बॅलरॅटमध्ये आजही ठेवलाय. मोठा आहे, आणि त्यात भोकंच भोकं, कारण लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले. मंद उजेडात लेक आणि मी बराच वेळ त्याच्यासमोर उभे होतो.

पुढचं मात्र सरकारला अपेक्षित नव्हतं. तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला भरला. फाशीचीच शिक्षा. पहिला आरोपी जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय माणूस. मेलबर्नच्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं आणि जमावानं खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवलं. मग एकामागून एक तेराही जण सुटले. शिक्षा झाली ती 'बॅलरॅट टाइम्स'चा संपादक हेन्री सीकँप याला, लिहिल्याबद्दल.

मार्च १८५५मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि जूनमध्ये कायदा झाला. महिन्याचा परवाना रद्द. त्याऐवजी मायनर्स राइट, वर्षाला एक पौंड. आठाचा एक. ज्याच्याकडे हा कागद, त्याला आपल्या तुकड्यावर कायदेशीर हक्क आणि विधिमंडळासाठी मत. सरकारचं उत्पन्न कुठून? बाहेर जाणाऱ्या सोन्यावर औंसाला अडीच शिलिंग, म्हणजे साधारण तीन टक्के. ज्याला सापडेल तो देईल, कोरडी विहीर लागली त्याला शून्य. जुने सोनखाण कमिशनर गेले. तुकडा किती मोठा असावा, पाण्याचं भांडण कसं मिटवावं, हे ठरवायला डिगरांनी निवडलेल्या नऊ जणांचं स्थानिक कोर्ट. राफाएलो कार्बोनी नावाचा इटालियन मार्चमध्ये राजद्रोहाच्या पिंजऱ्यात उभा होता, जुलैमध्ये तोच बॅलरॅटच्या स्थानिक कोर्टावर निवडून आला! नोव्हेंबरमध्ये लॉलर आमदार झाला, पुढे १८८०मध्ये विधानसभेचा सभापती. १८५६ साली व्हिक्टोरियानं गुप्त मतदानाचा कायदा केला. सरकारनं छापलेल्या मतपत्रिकेवर आडोशाला जाऊन खूण करायची ही पद्धत पुढे जगात 'ऑस्ट्रेलियन बॅलट' म्हणून पसरली. १८५७ साली विधानसभेसाठी सगळ्या पुरुषांना मत मिळालं.

म्हणजे शहाणपणाचं उत्तर साधं होतं. कमावल्यावर कर घ्या, भरणाऱ्याला मत द्या, भांडणं गावातच मिटवू द्या. १८५३च्या त्या तेरा मीटर कागदात त्यातलं पुष्कळ होतं.

इथंच पोस्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण गोष्ट इथं संपत नाही.

ज्या आयोगानं डिगरांना हक्क दिला, त्याच आयोगानं चिनी लोकांना आवर घालायची शिफारस केली. १८५५ सालीच दुसरा कायदा झाला. जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी. पुन्हा तेच. कमाईवर कर नाही, येण्यावरच कर. मग जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या छोट्या बंदरावर माणसं उतरवू लागली. तिथून हजारो चिनी माणसं खांद्यावर कावड घेऊन, रांगेनं, चारशे किलोमीटरच्या वर चालत सोनखाणींकडे गेली. १८५७ साली अशाच एका जथ्याला वाटेत सोनं सापडलं, त्या जागी आज अरारट गाव आहे. त्याच वर्षी साउथ ऑस्ट्रेलियानंही कर लावला. व्हिक्टोरियात तेव्हा सुमारे २५ हजार चिनी होते आणि त्यांच्यावर राहण्याचाही वेगळा कर बसवला. जुलै १८५७मध्ये बकलंड नदीवर गोऱ्या डिगरांनी चिनी वस्ती लुटली, जाळली, लोकांना हुसकून लावलं.

यातले काही हल्लेखोर कधीकाळी "जो! जो!" ओरडत पळालेले असणार. स्वतःवर झालं तेव्हा अन्याय, दुसऱ्यावर तीच फी बसली तेव्हा नियम. १८७३ साली क्लून्सच्या खाणीत संप झाला, तेव्हा संप मोडायला चिनी मजूर आणण्याचा घाट घालणाऱ्या कंपनीच्या संचालकांत पीटर लॉलर होता. एका हाताचा तोच लॉलर.

आणि ही वाट पुढे आपल्यापर्यंत येते. चिनी लोकांना रोखण्यासाठी सोनखाणींवर जे कायदे सुरू झाले, त्यांचंच पुढचं रूप म्हणजे १९०१चा स्थलांतर कायदा. बंदरावर उतरणाऱ्या माणसाला कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्द लिहायला लावायचे. चुकला की परत. तो हिंदुस्थानी माणसालाही लागू होता. हे गोऱ्यांपुरतं धोरण शेवटी १९७३ साली पूर्ण संपलं. माझ्या लेकीनं तिथं घर घेतलं, मतदान करते, आणि आता खिशात मायनर्स राइट बाळगते, याला अजून साठ वर्षंही झाली नाहीत.

मी आयुष्यभर नियम राबवले. नियम वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. सोनखाणीवर नियम नसता तर दांडगा माणूस सगळं घेऊन गेला असता. पण बॅलरॅटहून परतल्यापासून कुठल्याही शुल्काची, परवान्याची बातमी वाचली की तीन प्रश्न आपोआप डोक्यात येतात. हे पैसे कमाईच्या आधी घेतले जातायत की नंतर? दंडाचा वाटा किंवा टार्गेट वसूल करणाऱ्याच्या खिशाशी बांधलंय का? आणि ज्याच्याकडून घेतायत त्याला तो नियम बदलायची काही सोय आहे का? आपल्या मिठावरच्या कराला हे प्रश्न लावून बघा. आपल्या बाजारातल्या पावतीला लावून बघा. मी लावले, आणि माझ्याच दोन वर्षांच्या नोकरीची उत्तरं मला आवडली नाहीत.

लेकीला फोन केला तेव्हा विचारलं, "सोनं मिळालं का गं?"

"नाही हो बाबा. तीन तास फिरले. दोन खिळे आणि एक बाटलीचं झाकण."

"दंड?"

"कसला दंड? कुणी विचारलंसुद्धा नाही."

तुमच्या गावात भवानी होण्याआधी पावती फाडली जाते का? कुणाकडून, किती, आणि कशाची? कमेंटमध्ये लिहा. वसुलीच्या बाजूला काम केलेल्यांनीही लिहा, लाजू नका. मी लिहिलंय.